छाती दाबणारं मशीन घ्यावं का? रात्रपाळीच्या तीन माणसांसाठी उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३० खाटांचं रुग्णालय, आणि रात्री इमर्जन्सीत तुम्ही नर्स म्हणून, एक ड्युटी डॉक्टर आणि एक सहायक एवढीच माणसं. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती हातांऐवजी दाबत राहणारं मशीन एक देणगीदार घेऊन द्यायला तयार आहे. विक्रेता सांगतो की मशीन माणसापेक्षा चांगलं दाबतं, म्हणून जास्त रुग्ण वाचतात. हे खरं आहे का, आणि मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून ती आधीच सांगतो. मशीनमुळे जास्त रुग्ण वाचतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. तरीही तुमच्यासारख्या ठिकाणी ते घेण्याला अर्थ असू शकतो, मात्र विक्रेता सांगतो त्या कारणासाठी नाही. शिवाय त्याला एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर मशीन रुग्णाचं नुकसान करू शकतं. मी २२ वर्षं इमर्जन्सीत काम करतोय. त्यातली बरीच वर्षं आमच्याकडे मशीन आहे, आणि ती अट आम्ही उशिरा शिकलो.

हाताने छाती दाबण्याची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९६० साली पुढे आली. ती मांडणारे कौवेनहोवन हे मूळचे विद्युत अभियंते, आणि त्यांच्यासोबत ज्यूड आणि निकरबॉकर. डिफिब्रिलेटरचे, म्हणजे विजेचा शॉक देऊन हृदय ठेक्यावर आणणाऱ्या यंत्राचे, पॅडल कुत्र्याच्या छातीवर जोरात टेकवले की शॉक देण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो, हे निकरबॉकर यांच्या लक्षात आलं होतं. तिथून पुढे त्यांनी जगाला सांगितलं की हे काम कुणालाही, कुठेही करता येईल, त्याला फक्त दोन हात लागतात. छाती न उघडता हृदय चालवता येतं, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

ते दोन हात किती वेळ टिकतात, हा तुमचा खरा प्रश्न आहे. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर यायला हवी. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात दुसऱ्या मिनिटापर्यंत दाब उथळ होऊ लागतो, आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. आपण जोरात दाबतोय असंच त्याला वाटत असतं. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. आता तुमच्या रात्रीचा हिशेब करा. एक जण छातीवर, एक श्वास देतोय, तिसऱ्याने सलाईनची लाईन लावायची, औषध भरायचं, डिफिब्रिलेटर लावायचा, फोन करायचा आणि वेळही लिहायची. मग छातीवरच्याला बदली कोण देणार? दहाव्या मिनिटाला तिघंही दमलेले असतात आणि कुठलंच काम धड होत नाही.

त्यामुळे 'मशीन हातापेक्षा चांगलं का' हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. हात कमी पडतात तेव्हा काय करायचं, हे बघू.

दाबण्यात खंड पडला की आत काय होतं, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. छाती दाबून आणि श्वास देऊन रुग्णाला जगवायच्या या प्रयत्नाला सीपीआर म्हणतात. उत्तम सीपीआरसुद्धा हृदयाच्या नेहमीच्या कामाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्साच रक्त फिरवतो. त्यातलं हृदयाच्या स्नायूला मिळतं ते दोन दाबांच्या मधल्या वेळात, छाती वर येत असताना. महाधमनीतला दाब आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला दाब यांच्यातल्या फरकावर हा पुरवठा चालतो. हा फरक १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंतही पोहोचला नाही अशा रुग्णांपैकी कुणाचंच हृदय परत सुरू झालं नाही, असं १९९० च्या एका अभ्यासात दिसलं होतं. हा फरक पहिल्या दाबाला तयार होत नाही. सलग दाबत गेलं की हळूहळू चढतो, आणि हात उचलले की काही सेकंदांत कोसळतो. पुन्हा सुरुवात केली की पुन्हा तळापासून चढण. मध्ये २० सेकंद थांबलात तर नुसते ते २० सेकंद जात नाहीत, त्याआधी कमावलेलंही जातं.

आता मशीन. सध्या दोन प्रकार जास्त दिसतात. एक दट्ट्याचा. पाठीखाली एक पाट, वर कमान, आणि कमानीतून खाली येणारा दट्ट्या, ज्याच्या टोकाला रबरी वाटीसारखा कप असतो. स्वीडनमधल्या लुंडचं ल्युकस या जातीचं. ते छाती ५ सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त दाबतं, मिनिटाला सुमारे १०२ वेळा; नव्या मॉडेलमध्ये हे बदलता येतं. दुसरा पट्ट्याचा, म्हणजे ऑटोपल्स. यात छातीभोवतीचा रुंद पट्टा मिनिटाला सुमारे ८० वेळा आवळला जातो.

दोन्हींची हजारो रुग्णांवर परीक्षा झाली आहे, आणि हे आकडे विक्रेत्यासमोर ठेवा. ल्युकसवरची लिंक चाचणी २०१४ ची, २,५८९ रुग्ण. चार तासांनी जिवंत असलेले मशीनच्या गटात २३.६ टक्के, हाताच्या गटात २३.७. ब्रिटनमधली पॅरामेडिक चाचणी २०१५ ची, ४,४७१ रुग्ण. तीस दिवसांनी जिवंत मशीनमध्ये ६ टक्के, हाताने ७. ऑटोपल्सची सर्क चाचणी २०१४ ची, ४,२३१ रुग्ण. तिथे जिवंत घरी गेलेले मशीनमध्ये ९.४ टक्के, हाताने ११. बाकीचे फरक हिशेबात धरल्यावर दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. त्याआधी २००६ मध्ये ऑटोपल्सचीच एक चाचणी मध्येच थांबवावी लागली होती, कारण मशीनच्या गटात मेंदू शाबूत राहून घरी गेलेले ३.१ टक्के होते आणि हाताच्या गटात ७.५.

हे वाचून मशीन निरुपयोगी आहे असं वाटेल. मी हे आकडे असे वाचतो. या चाचण्या अँब्युलन्सच्या प्रशिक्षित पथकांनी केल्या. तिथे हाताने दाबणाऱ्याला बदली मिळत होती आणि सीपीआर चांगला होत होता. चांगल्या हातांशी तुलना केली तर मशीन सरस ठरत नाही, एवढं यातून पक्कं कळतं. पहाटे तीन वाजता दमलेल्या दोन हातांशी तुलना या चाचण्यांनी केलेली नाही. दुसरं म्हणजे, पॅरामेडिक चाचणीत मशीनच्या गटात नाव असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांनाच मशीन प्रत्यक्ष लावलं गेलं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच चाचणीत ज्यांचं हृदय व्हीएफमध्ये थरथरत होतं, म्हणजे ज्यांना शॉकने वाचवता येतं, त्यांच्यात मशीनच्या गटाचे निकाल कमी भरले. मशीन जोडण्यात पहिला शॉक लांबला असावा, असा त्यावर कयास आहे. मी स्वतः जे पाहिलंय, त्यावरून मला तो पटतो.

म्हणूनच अमेरिकन आणि युरोपियन मार्गदर्शक सूचना सरसकट मशीन वापरा असं सांगत नाहीत. चांगला हाताचा सीपीआर शक्य नसेल किंवा दाबणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथे वापरा, असं सांगतात. धावती अँब्युलन्स, कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या खोलीत, एक्स-रेच्या झोताखाली चाललेलं काम, थंडीने गारठलेल्या किंवा फुप्फुसातली गुठळी विरघळवायचं औषध दिलेल्या रुग्णासाठी लांबलेला सीपीआर, आणि अपुरी माणसं. यातलं शेवटचं कारण तुमचं आहे.

आता ती अट. मशीन लावताना छाती मोकळी राहण्याचा वेळ.

आमच्याकडे मशीन नवीन आलं तेव्हा सगळे उत्साहात होते. पहिल्या काही रुग्णांत आम्ही ते असं लावलं: सगळे थांबले, रुग्णाला कुशीवर वळवलं, पाट सरकवला, कमान लावली, ती नीट बसेना म्हणून काढली, पुन्हा लावली, मग बटण शोधलं. त्यातल्या एका रुग्णाची मॉनिटरची नोंद मी नंतर बसून तपासली. छातीवर कुणाचाही हात नाही, मशीनही नाही, असा सलग जवळजवळ एक मिनिट त्यात होता. पन्नाशीचा माणूस, समोर कोसळलेला, व्हीएफ. मशीन येण्याआधी आम्ही त्याला एक मिनिट असं कधीच सोडलं नसतं. तो वाचला नाही. त्या मिनिटामुळेच गेला असं मी सांगू शकत नाही, पण ती नोंद मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मशीन आमच्याकडे सरावाचा विषय झालं.

आता आमची रीत अशी आहे. पहिली दोन मिनिटं मशीनला हात लावायचा नाही. हाताने दाबणं सुरू, डिफिब्रिलेटरचे पॅड लावायचे, ऱ्हिदम, म्हणजे मॉनिटरवर दिसणारा हृदयाचा ठेका, बघायचा, शॉक लागत असेल तर द्यायचा. मशीन पहिल्या शॉकच्या आड कधीच येता कामा नये. या काळात तिसऱ्या माणसाने मशीन पिशवीतून काढून, चालू करून, कमान उघडून पलंगाशेजारी ठेवायची.

मग पहिला थांबा. दोन मिनिटांनी ऱ्हिदम बघायला आपण तसेही थांबतो, तेव्हाच पाट सरकवायचा. एकाने खांदे उचलायचे, दुसऱ्याने पाट काखांच्या खाली येईल असा आत ढकलायचा, आणि लगेच पुन्हा हाताने दाबणं सुरू करायचं. आम्ही सुरुवातीला चुकलो ते इथेच. पाट आणि कमान एकाच थांब्यात बसवायचा मोह होतो. तो आवरा.

कमान दुसऱ्या थांब्यात. खरं तर कमानीचा एक पाय लावताना दाबणारा थांबत नाही. त्याचे हात कमानीच्या आत असतात. दुसरा पाय खट्ट झाला की त्याने हात काढायचे, कप खाली आणायचा, जागा बघायची, लॉक करायचं, सुरू करायचं. प्रत्येक थांबा १० सेकंदांच्या आत. एक माणूस मोठ्याने सेकंद मोजतो. दहा झाले आणि मशीन सुरू नसेल, तर 'हाताने' असं ओरडायचं आणि कमानीच्या आतूनच पुन्हा हाताने दाबायला लागायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

जागा म्हणजे कपाची खालची कड छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या जरा वर. कप बसला की त्याच्याभोवती मार्करने गोल काढायचा. हे किरकोळ वाटेल, पण मशीन चालता चालता पोटाकडे सरकतं, विशेषतः रुग्णाला हलवताना. एकदा स्ट्रेचर वळवताना ते सरकलं, आणि ते लक्षात यायला दोन मिनिटं गेली. यकृत नेमकं तिथेच खाली असतं. तेव्हापासून गोल काढल्याशिवाय आणि मानेमागचा पट्टा बांधल्याशिवाय आम्ही पलंग हलवत नाही. बरगड्या हाताने दाबतानाही मोडतात, मशीनच्या दाबानेही मोडतात. सरकलेल्या कपाने पोटात होणारी इजा मात्र टाळता येते.

मशीन सर्वांना बसत नाही. ल्युकसच्या कमानीत छातीची उंची साधारण १७ ते ३० सेंटीमीटरच्या दरम्यान लागते. फार बारीक किंवा फार जाड रुग्णाला बसवायची झटापट करत बसू नका. लहान मुलांसाठी ते नाहीच. म्हणजे हाताचा सराव सुटता कामा नये, आणि मशीन आलं की तो सुटतो हे मी पाहिलंय. नवीन आलेली मुलं थेट मशीनकडे धावतात.

मशीन नीट लागलं की खोलीतला फरक जाणवतो. कुणी धापा टाकत नाही, आवाज खाली येतात. शॉक देताना दाबणं थांबवावं लागत नाही. डॉक्टरला दोन मिनिटं उभं राहून विचार करता येतो की हे हृदय थांबलं कशामुळे. पोटॅशियम? फुप्फुसात गुठळी? छातीत हवा? आतला रक्तस्राव? मशीनने ज्या रुग्णांना खरंच फायदा झाला असं मला वाटतं, त्यांच्यात फायदा बहुधा या विचाराला मिळालेल्या जागेमुळे झाला. आणि तुमच्यापैकी एक जण बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलू शकतो. तीन माणसांच्या पथकात एरवी ते कुणालाच जमत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगतो. हाताने सीपीआर करताना थकवा आपल्याला प्रश्न विचारायला भाग पाडतो: अजून किती वेळ? मशीन थकत नाही. ते ४० मिनिटं त्याच ठेक्यावर चालतं, आणि थांबवण्याचा निर्णय कुणीच घेत नाही. दर दहा मिनिटांनी डॉक्टरने मोठ्याने सांगावं की आपण कशासाठी चालू ठेवतोय. हृदय परत सुरू होण्याची शक्यता, पुढे पाठवता येण्यासारखं ठिकाण, किंवा औषधाला वेळ देणं, यातलं काहीतरी असायला हवं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायची सोय असेल तर ती इथे फार कामाची आहे. नळी टाकलेल्या रुग्णात २० मिनिटांनंतरही तो आकडा १० मिलिमीटर पाऱ्याच्या वर येत नसेल, तर आशा फार थोडी. फक्त त्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. उलट तो अचानक उसळला तर हृदय स्वतः चालू झालं असण्याची शक्यता असते. मशीन चालू असताना मांडीत लागणारी नाडी मशीनची असू शकते, तिच्यावर विसंबू नका.

कधी कधी मशीनवरचा रुग्ण हालचाल करतो, डोळे उघडतो, हात वर नेतो, आणि मशीन थांबवलं की पुन्हा निपचित. मेंदूला रक्त पोहोचतंय म्हणून हे होतं. पहिल्यांदा पाहताना माणूस हादरतो. आधी ऱ्हिदम आणि नाडी तपासा, आणि हृदय चालू झालं नसेल तर दाबणं चालू ठेवून शांत करणारं औषध देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

बाकीच्या उपकरणांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, म्हणून थोडक्यात. छातीला चिकटून दाबताना खाली आणि सोडताना वर ओढणारा पंप आहे. सॅन फ्रान्सिस्कोत एका मुलाने वडिलांना तुंबलेला संडास मोकळा करायच्या रबरी पंपाने सीपीआर दिला आणि वडील वाचले, ते १९९० साली छापून आलं, आणि तिथून या कल्पनेचा अभ्यास सुरू झाला. छाती वर येताना हवा आत शिरू न देणारी झडप श्वासाच्या मार्गात बसवतात. नुसती झडप ८,७१८ रुग्णांत काही फरक दाखवू शकली नाही. पंप आणि झडप एकत्र वापरून २०११ च्या एका चाचणीत मेंदू शाबूत राहून घरी गेलेले ९ टक्के आणि नेहमीच्या सीपीआरमध्ये ६ टक्के होते. तुमच्या ठिकाणी त्याच्या मागे लागू नका, कारण त्याला आणखी माणसं आणि आणखी सराव लागतो. रक्त शरीराबाहेर काढून, प्राणवायू मिसळून परत सोडणारं एक्मो मिनेसोटातल्या २०२० च्या लहानशा चाचणीत फार चांगलं ठरलं, एक्मोच्या गटात १४ पैकी ६ वाचले, नेहमीच्या उपचारांत १५ पैकी १. नेदरलँड्सच्या २०२३ च्या चाचणीत स्पष्ट फरक दिसला नाही. तुमच्या आवाक्यात असं केंद्र असेल तर रुग्ण तिथे नेताना दाबत राहायला मशीनच लागतं, आणि मग तुमचं उत्तर 'घ्या'कडे झुकतं.

यात तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. रात्री वर्षाला किती वेळा हृदय बंद पडलेला रुग्ण येतो? दोन-तीनच असतील तर हात बसणार नाही, आणि सराव मुद्दाम करावा लागेल. डिफिब्रिलेटर किती मिनिटांत पोहोचतो? तोच जर कुलूपबंद खोलीत असेल तर देणगी आधी तिकडे वळवा. पथकातल्या सगळ्यांनी गेल्या सहा महिन्यांत पुतळ्यावर दाबून पाहिलंय का? नसेल तर दाबाची खोली आणि वेग दाखवणारा सरावाचा पुतळा मशीनच्या आधी हवा.

विक्रेत्याकडून मशीन आठवडाभर चाचणीला मागून घ्या. तुम्ही तिघं, तुमच्याच पलंगावर, तुमच्याच रात्रपाळीत, पुतळ्यावर दहा वेळा ते लावून बघा. चौथ्या कुणाला तरी स्टॉपवॉच द्या. हात छातीवरून उठल्यापासून पुढचा दाब पडेपर्यंतचा वेळ, पाटासाठी वेगळा आणि कमानीसाठी वेगळा, लिहून ठेवा. बॅटरी साधारण ४५ मिनिटं चालते. ती कोण चार्जिंगला लावणार आणि दर पाळीला कोण तपासणार, त्या माणसाचं नावही त्याच कागदावर लिहा. शेवटच्या पाच वेळा दोन्ही थांबे दहाच्या आत आले तर मी मशीन घ्या म्हणेन. ते वीस-तीसवरच अडकले तर महिनाभर सराव करा आणि पुन्हा मोजा, तोपर्यंत देणगीदाराला थांबवून ठेवा. तो कागद भरला की आकडे मला कळवा, दहाही वेळांचे, वाईट आलेले धरून.